डाव्या बाजूचं वजन

थावरू नाईकांनी एकाच हातात काही धरलेलं मी कधी पाहिलं नाही. डाव्या हातात कांद्याची पिशवी असली की उजव्या हातात तेवढ्याच वजनाचा दगड असायचा. बोरी अरबच्या बाजारातून एकदा ते काखोटीला कोंबडा मारून निघाले. दुसऱ्या काखेजोगतं काही सापडेना, तेव्हा माघारी फिरून त्यांनी त्याच मापाचा दुसरा कोंबडा घेतला. थोरला मुलगा लहानपणी सारखा डाव्या खांद्यावर बसायचा म्हणून त्यांनी धाकटा होऊ दिला, असं तांड्यातले लोक सांगत. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. घातलं असेल तर एक कोंबडा.

पहिल्यांदा भेटलो तेव्हाही त्यांच्या एका हातात गुळाची ढेप आणि दुसऱ्या हातात दगड होता. मी विचारलं, "नाईक, हा दगड कायले वागवता?"

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. याला वेळ लागला, कारण माझी उंची. यवतमाळात तेव्हा माझ्याहून उंच फक्त दोन गोष्टी होत्या, कापसाच्या जिनिंगची चिमणी आणि पाण्याची टाकी, आणि टाकीबद्दल वाद होता.

"बैलाच्या पाठीवर गोणी लादली कधी?" ते म्हणाले. "इकडं एक, तिकडं एक. एक भरली अन् एक रिकामी ठेवली, तं बैल चार पावलांत बसते. माणूस बी बैलच हाय, उंटा. फक्त त्याले बसाची लाज वाटते."

त्या दिवसापासून मी उंट झालो. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

नाईक लभाण, म्हणजे बंजारा. त्यांचे आजे-पणजे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्याला ते लदेणी म्हणत. पुढं आगगाडी आली, मिठाच्या गोण्या डब्यांत गेल्या आणि बैल नांगराला लागले. बोरी अरबच्या अलीकडं माळावर तांडा बसला तो बसलाच. नाईकांच्या बापानं बांधाला बांध लावून शेत केलं आणि नाईकांनी त्या शेतात चाळीस पावसाळे काढले. कपाशी चांगली यायची, खायला-प्यायला कमी नव्हतं. पण संध्याकाळी बांधावर बसून ते रस्त्याकडं असे बघत, की कोंडवाड्यातल्या म्हशीलाही त्यांची दया यावी.

"आमी मारवाडातून निघालो," ते सांगत. "आजा मीठ घेऊन आला अन् वापस जातो म्हणून राहून गेला. बाप वापस जातो म्हणून राहून गेला. मी तं निघालोच नाई, तं वापस कसा जाऊ? जनमलो तोच अडकलेला."

शेवटी त्यांनी लढाईतला एक निकामी ट्रक विकत घेतला आणि शेत मुलांच्या हवाली करून माल वाहू लागले. ट्रकचं इंजिन खोकायचं, पण मागचा हौदा देखणा होता. त्यांच्याच बांधावरचे साग तोडून नेरच्या उस्मान मिस्त्रीनं अंगठ्याएवढ्या जाड फळ्या बसवल्या होत्या. कापसाच्या गाठी, लाकूड, घरावरची कवेलू, जे मिळेल ते नाईक वाहत. अमरावती झाली, अकोला झालं. मारवाडचा माल मात्र मिळत नव्हता. इथून मारवाडात कोण काय पाठवणार?

तो माल मी मिळवून दिला. मी एका जिनिंगच्या मॅनेजरसाहेबांचा ड्रायव्हर होतो. साहेब नोकरी संपवून जोधपूरला, मारवाडातल्या आपल्या गावी गेले आणि त्यांची काळी मोटार मागं राहिली. तिचा गिअरबॉक्स गेलेला, पार्ट मिळत नव्हता. आगगाडीनं पाठवावी तर छोट्या लाईनवरून मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत चढवावी लागे, आणि साहेबांना हमालांच्या लोखंडी आकड्यांची धास्ती. त्यांचा निरोप आला की गाडी ट्रकनं पाठवा, ड्रायव्हर सोबत पाहिजे, आणि गाडीवर एक ओरखडा दिसला तर गाडी आणि ड्रायव्हर दोघांनाही फाटकातून परत लावून देईन. माझी पुढची नोकरी त्या फाटकाच्या आत होती.

मी नाईकांना जोधपूरचं नाव सांगितलं तेव्हा त्यांच्या एका हातात डबा आणि दुसऱ्यात दगड होता. दोन्ही एकदम खाली पडले.

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही, पण त्या वर्षी कोंबड्या उकडलेलीच अंडी देत होत्या. निघायच्या दिवशी नाईक नवं लाल पागोटं बांधून आले. ते त्यांच्या म्हाताऱ्या याडीनं, म्हणजे आईनं, पेटीतून काढून दिलेलं. मारवाडात उघड्या डोक्यानं जायचं नाही म्हणून. दुरुस्तीसाठी सोबत उस्मान मिस्त्री होताच.

जिनिंगमध्ये गाठी ट्रकवर चढवायला उंच ओटा असतो. ट्रक मागं घेऊन ओट्याला लावायचा आणि मोटार ओट्यावरून सरळ हौद्यात ढकलायची, असं ठरलं. हमाल मोटारीला हात लावणार एवढ्यात नाईक ओरडले, "थांबा बे."

ते वाकले. एक डोळा मिटून त्यांनी मोटारीकडं समोरून पाहिलं, मागून पाहिलं. "उजवीकडं झुकून राह्यली."

"नाईक, स्टेअरिंग तिकडं आहे, बॅटरी तिकडं आहे, झुकणारच," मी म्हणालो.

"मारवाडापर्यंत झुकलेला माल नेऊ? लोकं म्हणतीन, थावरूले लादता येत नाई." त्यांची नजर हौद्याभोवती फिरली, दगड शोधत. मग माझ्यावर येऊन थांबली. "उंटा, तू बस. डाव्या बाजूनं."

मला काय, हमालांसमोर मोटारीत बसून मिरवायला मिळतंय. मी डावीकडच्या सीटवर बसलो, गुडघे हनुवटीला लागले तरी राजासारखा हात हलवला. हमालांनी ढकललं, मोटार हौद्यात अशी गेली जशी म्यानात तलवार. नाईकांनी दोर आवळले, चाकांना लाकडं लावली, डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "आता तोललं." आम्ही निघालो.

लोहारा ओलांडल्यावर मला तहान लागली. ट्रक थांबला. मी दार उघडायला गेलो तर ते दोन बोटं उघडलं आणि सागाच्या फळीला जाऊन भिडलं. पलीकडचं दार पाहिलं, तेही तसंच. काच खाली केली तर नाकासमोर फळी. फळ्यांमधल्या फटीतून उस्मानचा एक डोळा दिसला.

"नाईक," उस्मान म्हणाला, "ये तो अंदरच रह गया. दरवाजा कहाँ से खुलेगा?"

नाईकांनी फळीवर हात फिरवून पाहिला. मग त्यांनी जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "गोणीले दार असते काय?"

पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरानं माल लादला, त्या घरात कधी कोणाला मालाच्या आतून बाहेर यायचं नव्हतं. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. मीही आत बसताना दाराचा विचार केला नव्हता, आणि मला तर दारांचाच पगार होता.

"वापस चला," मी म्हणालो. "ओट्याला लावा, गाडी मागं ओढा, मी उतरतो."

"लदेणी निघाली का वापस फिरत नाई," नाईक म्हणाले. "अमरावतीले ओटा हाय. तिथं तुले काढतो अन् तुह्या जागी दगड ठेवतो. दुपारपर्यंत पोचून राह्यलो आपण. कायले वरडतं?"

मी ओरडत नव्हतो, मी बोलत होतो. अडकल्यावर मी जास्त बोलतो. त्याच सुमारास राज्यांची नवी वाटणी होऊन आमचा अख्खा जिल्हा बसल्या जागी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. शेतं, विहिरी, म्हशींसकट. आणि मला मोटारीतून रस्त्यावर जाता येत नव्हतं. हे मी फळीतून ओरडून नाईकांना सांगितलं. मग सांगितलं की माझ्या एका चुलत्याला असंच रांजणात अडकून सात वर्षं काढावी लागली, आत त्यानं संसार केला. ट्रक चालू होता तोवर फळ्यांतून झुळूक येत होती आणि मी थापा मारत होतो. गावागावांतली माणसं ट्रकवरच्या मोटारीत बसलेला माणूस पाहून हात जोडत. एका गावी कोणीतरी फटीतून अर्जसुद्धा आत टाकला.

"उंटा," पुढून नाईकांचा आवाज येई, "ह्या सगळ्या एकाच बाजूच्या गोण्या झाल्या. दुसरीकडं थोडं खरं टाक, नाई तं ट्रक बसते."

नेर अजून दिसायचं होतं, तेवढ्यात खालून बाभळीचं खोड मोडल्यासारखा आवाज आला आणि ट्रक बसला.

उस्मान खाली शिरला आणि तोंड पुसत बाहेर आला. "एक्सल गया. नेर से सामान लाना पडेगा. शाम हो जायेगी."

आसपास झाड नव्हतं. डांबर पाघळून चाकांना चिकटत होतं. झुळूक थांबली तशी ती काळी मोटार तापायला लागली. पत्र्याला हात लावला तर चटका, सीटला पाठ लावली तर चटका. श्वास घेतला की नाकात निखारा. उस्माननं रेडिएटरसाठी ठेवलेलं पाणी मोटारीच्या टपावर ओतलं, ते वाफ होऊन गेलं. उरलेल्या पाण्यात फडकं भिजवून त्यानं फटीतून आत सारलं. मी ते चोखलं.

"फळ्या खोल नं बे," नाईक त्याला म्हणाले.

"बोल्ट के नट अंदर की तरफ हैं, नाईक. तुम ही बोले थे, बाहर से कोई चोर न खोले. अब अंदर पाना कहाँ से घूमेगा?" उस्मान ट्रकच्या मागं गेला. "एकच रस्ता है. पीछे की काँच फोडते हैं."

"नको," मी आतून म्हणालो. "काच फुटली तर साहेब दोघांनाही फाटकातून हाकलतील." हे माझं त्या दिवशीचं शेवटचं धड वाक्य.

मग मी बोलायचा थांबलो. थांबलो असं मला नंतर कळलं. मला वाटत होतं मी बोलतोय, चुलत्याची गोष्ट पुढं नेतोय, रांजणात पाणी आहे, खूप पाणी आहे. बाहेर काहीच ऐकू जात नव्हतं.

पुढचं मला उस्माननं सांगितलं. नाईक रस्त्याच्या कडेला बसले होते. एकाएकी त्यांनी मान वर केली. "उंट काहून बोलून नाई राह्यला?" ते फटीशी आले. "ए उंटा. थाप मार. रांजणातल्या चुलत्याचं पुढं काय झालं?" उत्तर नाही. "कोणती बी मार. वाटलं तं माह्यावर मार." तरीही नाही. तेव्हा ते उस्मानकडं वळले आणि म्हणाले, "करवत काढ."

"नाईक, बाजू काटी तो माल नहीं रुकेगा. फिर तुम्हारा मारवाड..."

"करवत काढ म्हणतो नं."

"तो काँच ही फोडो ना. सस्ती पडेगी."

"काच मारवाडच्या मालाची हाय. फळी माही हाय."

उस्मान सांगे की त्यानं पहिला हात मारला आणि करवतीचं टोक आत मोटारीच्या रंगाजवळ गेलं. नाईकांनी त्याला थांबवलं. डोक्यावरचं नवं लाल पागोटं उतरवलं, त्याची घडी फटीतून आत सारली, फळी आणि मोटारीच्या मध्ये. ती घडी जागेवर राहावी म्हणून तिच्यावर स्वतःचा पंजा दाबला. "आता काप." करवत सागातून निघाली की पागोट्यात जायची आणि पागोट्यातून कधी कधी पंजात. नाईक मोटारीकडं पाहत होते, हाताकडं नाही.

दार उघडलं तेव्हा मी गोणीसारखा बाहेर पडलो. डोळे उघडले तर मी ट्रकच्या सावलीत होतो. समोर उघड्या डोक्याचे नाईक, हाताला पागोट्याच्या लाल चिंध्या गुंडाळलेल्या, कुठं कापड लाल आणि कुठं रक्त, ते कळत नव्हतं.

"बोल," ते म्हणाले.

मी म्हणालो, "रांजणात मासे होते."

नाईकांनी सुटकेचा श्वास टाकला. "वाचला. उस्मान, मोटारीले ओरखडा पाह्य."

ओरखडा नव्हता. पण ट्रकचा हौदा एका बाजूनं उघडा पडला होता, दात पडलेल्या तोंडासारखा. त्यात आता माल थांबणार नव्हता. ऊन उतरल्यावर अजमेरकडं रिकामा जाणारा एक मोठा ट्रक थांबला. त्याचा ड्रायव्हर मोटार जोधपूरला टाकायला तयार झाला. त्याच्या हौद्यात दोन्ही बाजूंनी दारं उघडायला जागा होती, हे मी आधी तपासलं. दोन्ही ट्रक पाठीला पाठ लावले आणि मध्ये पूल म्हणून त्याच कापलेल्या फळ्या टाकल्या. आपल्या फळ्यांवरून आपला मारवाड दुसऱ्याच्या ट्रकमध्ये जाताना नाईक स्वतः, एका हातानं, मोटार ढकलत होते. त्यांना एका हातानं काम करताना मी तेवढंच पाहिलं.

मोटार आत गेली. ते वाकले, एक डोळा मिटला. "उजवीकडं झुकून राह्यली."

मी चार पावलं मागं सरकलो.

"भेऊ नोको." त्यांनी रस्त्याच्या कडेला हिंडून एक मोठा काळा दगड शोधला, उस्मानच्या हातून डावीकडच्या सीटवर ठेववला, खाली पोतं घालून. "ह्याले तुह्याएवढंच वजन हाय अन् तोंड नाई. हा जाईन बरोबर." मग मला म्हणाले, "तू पुढं ड्रायव्हरजवळ बस. माल पोचव."

"तुम्हीही चला ना, नाईक. कॅबिनमध्ये जागा आहे."

"रिकामा जाऊ? लभाण मालाबिगर जाते काय मारवाडात?" ते ट्रकच्या उघड्या बाजूला टेकून उभे राहिले. आम्ही लांब जाईपर्यंत तसेच.

हौद्याला पुन्हा साग बसवण्याएवढे साग बांधावर उरले नव्हते. ट्रक मोडीत गेला आणि नाईक शेतात परतले. मी जोधपूरला नोकरी केली, पण दर उन्हाळ्यात गावी आलो की तांड्यावर जायचो. ते खाटेवर सरकून जागा करत आणि म्हणत, "सांग. मारवाड कसा हाय?"

मी सांगायचो. तिथली वाळू एवढी बारीक की लोक ती चाळून भाकरी करतात. तिथले उंट माझ्याहून बुटके, मला पाहून वाकतात. तिथल्या किल्ल्याची सावली पडायला दोन दिवस लागतात. नाईक ऐकत, हसत, डोळे मिटत. शेवटी म्हणत, "ही एक बाजू झाली." दुसरी बाजू त्यांनी कधी मागितली नाही.

मागितली ती एकदाच. त्यांच्या मुलाचा निरोप आला म्हणून मी गेलो तेव्हा ते खाटेला लागले होते. दुपार होती. मी टेकलो आणि नेहमीप्रमाणे वाळूच्या भाकरीपासून सुरुवात केली. त्यांनी कापल्याच्या खुणा असलेला पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"ते राहू दे. एका बाजूचं लय झालं. आता दुसरी सांग. मले झुकलेलं जाचं नाई."

माझ्यासारख्याला खरं सांगायचं म्हणजे पुन्हा त्या मोटारीत बसणं. पण सांगितलं. "नाईक, तिथं आपल्यासारखंच ऊन आहे, आपल्यासारखीच धूळ. गाडी पोचली तेव्हा साहेबांनी सगळीकडून फिरून पाहिली, ओरखडा नव्हता. मग सीटवरचा दगड पाहून म्हणाले, हे काय, फेकून दे. मी तो फेकला नाही. फाटकाबाहेर विहीर आहे, तिच्या काठाशी ठेवला. तिथं पाण्याला येणाऱ्या बाया घागर डोक्यावर घेण्याआधी त्याच्यावर टेकवतात. त्यांचे घागरे तुमच्या याडीसारखे. बोलायची चालही तशीच. मी रोज बघतो. तो दगड तिथंच आहे."

"नेरचा दगड."

"हो."

"मी लादलेला."

"तुम्हीच लादलेला."

त्यांनी माझ्या गुडघ्यावरचा पंजा उचलून स्वतःच्या छातीवर घेतला. "म्हणजे माल पोचला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "आता तोललं."

दुसऱ्या दिवशी ते गेले. तिरडीला खांदा द्यायला दोन मुलं पुढं, मागं उस्मान आणि मी. तिघं एका मापाचे आणि मी हा असा. तिरडी उचलली आणि उस्मानच्या बाजूला कलली. मी डावीकडं होतो. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गुडघे वाकवले. तांड्यापासून नाल्यापर्यंत, त्या सगळ्या माळावरून, मी तसाच वाकलेल्या गुडघ्यांनी चालत गेलो. पोटऱ्या पेटल्या, कंबर मोडून आली, पण तिरडी तसूभर झुकू दिली नाही.

आजवर मी पुष्कळ सांगितलं, त्यातलं किती खरं मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. हे शेवटचं मात्र दुसऱ्या बाजूच्या गोणीतलं आहे.